मकरपुऱ्याची नोकरी सोडताना

इन्क्रिमेंट, शिफ्ट आणि साहेब यांवर कुरकुर करत करत वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतली कित्येक मंडळी निवृत्त झाली. मला ते नको होतं. सोडायचं ठरल्यावर मी आधी जुनं नियुक्तीपत्र बाहेर काढलं. नोटिस किती दिवसांची, बदल्यात पैसे भरायचे तर ते बेसिकवर (मूळ पगारावर) की ग्रॉसवर (भत्त्यांसह एकूण पगारावर), शिल्लक रजा त्यात वळती होते का, हे सगळं तिथेच असतं. बेसिक की ग्रॉस, एवढ्यावरून रक्कम दुप्पट होऊ शकते. हे कळल्याशिवाय नव्या कंपनीला जॉइनिंगची तारीख देऊ नये.

मग ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम. कायम नोकरीत सलग पाच वर्षं भरत आली असतील, तर थोडं थांबून सोडणं शहाणपणाचं. हिशेब सोपा आहे: शेवटचा महिन्याचा पगार (मुख्यतः बेसिक अधिक डीए, म्हणजे महागाई भत्ता), गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात. बेसिक आणि डीए मिळून 26,000 आणि नोकरी 6 वर्षं 7 महिने असेल, तर 15,000 गुणिले 7, म्हणजे 1,05,000.

सगळ्यात जास्त डोकं खातो तो पीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी. गुजरातेत तयार झालेल्या कागदांवर नावाला ‘भाई’ हमखास चिकटतं, आपल्या मराठी घरच्या कागदांवर वडिलांच्या नावाला ‘राव’ असतं. आधारवर एक, पीएफमध्ये दुसरं, पॅनवर तिसरंच. एवढ्यावरून जुना पीएफ नव्या कंपनीच्या खात्यात वळवायचा, म्हणजे ट्रान्स्फरचा, अर्ज परत येतो. युएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) 1 ऑक्टोबर 2017 पूर्वीचा असेल, तर दुरुस्तीला कंपनीची मंजुरी लागते. म्हणून हे काम राजीनाम्याच्या आधीच उरकावं. तुम्ही रोज समोर दिसत असता तोवर एचआरवाले सही करतात, नंतर फोन उचलत नाहीत.

राजीनामा दोन ओळींचा पुरे: आजची तारीख, शेवटचा दिवस. साहेबांचा उद्धार त्यात करू नये. मेल पाठवताना स्वतःच्या खासगी पत्त्यावर प्रत ठेवावी, कारण कंपनीचा मेल शेवटच्या दिवशी बंद होतो. पगाराच्या स्लिपा आणि जुने फॉर्म 16 (पगार आणि कापलेल्या कराचे वार्षिक दाखले) त्याआधीच उतरवून घ्यावेत. ग्रुप मेडिक्लेम, म्हणजे कंपनीचा आरोग्य विमाही बहुतेक त्याच दिवशी संपतो. घरात आई-वडील त्यावर असतील, तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज नोटिस चालू असतानाच करावा.

सुटल्यावर पीएफच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडून ‘डेट ऑफ एक्झिट’चा (नोकरी सोडल्याच्या तारखेचा) रकाना बघावा. तो रिकामा असेल तर ट्रान्स्फर अडतो. कंपनीने भरला नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आधार ओटीपीने आपल्यालाच भरता येतो. तारीख मात्र रिलीव्हिंग लेटरशी (कार्यमुक्तीच्या पत्राशी) जुळलीच पाहिजे. पैसे काढण्यापेक्षा ट्रान्स्फर बरा. पाच वर्षांच्या आत काढले तर रक्कम करपात्र ठरते, आणि 50,000 किंवा जास्त असेल तर पॅन असूनही 10 टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापतात.

वर्षाच्या मध्ये सोडलं असेल, तर जुन्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील नव्या कंपनीला ठरलेल्या फॉर्ममध्ये द्यावा. नाहीतर दोन्ही कंपन्या करमुक्त मर्यादा आपापल्या परीने पूर्ण धरून कमी कर कापतात, आणि रिटर्न भरताना फरक व्याजासकट आपल्या गळ्यात येतो.