‘परिसर’ म्हणजे किती किलोमीटर?

३० जुलै २०२०, गुरुवार, ठाणे

कोरोनाचा लॉकडाउन सैल करण्याचा राज्य सरकारचा ऑगस्टसाठीचा आदेश काल आला. संघ न लागणारे मैदानी खेळ ५ ऑगस्टपासून खेळता येतील. यादीत गोल्फ, उघड्यावरचे फायरिंग रेंज, जिम्नॅस्टिक्स, टेनिस, बाहेरचे बॅडमिंटन आणि मल्लखांब आहेत. अंतर राखायचे आणि निर्जंतुकीकरण करायचे, एवढी अट. पोहण्याचे तलाव बंदच राहणार.

गोल्फ आणि मल्लखांब एकाच ओळीत आले याचा मला मनापासून आनंद झाला. सरकारने खेळ महागडा की स्वस्त हे पाहिले नाही, खेळताना माणसे एकमेकांच्या किती जवळ येतात एवढेच पाहिले. निकष असाच हवा.

३ जूनपासून चालणे, पळणे आणि सायकल चालवणे पहाटे ५ ते संध्याकाळी ७ या वेळेत चालू होते. तेव्हापासून गोल्फवाल्यांचा एक युक्तिवाद होता, की अठरा होल म्हणजे सात-आठ किलोमीटर चालणेच, हातात काठी आहे एवढाच फरक. तो मला कधी पटला नाही. चालायला टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करण्याची ठरवून दिलेली वेळ, लागत नाही, बॅग उचलणारा कॅडी लागत नाही, गेटवर रजिस्टर लागत नाही. आता गोल्फचे नावच आदेशात आले आहे, त्यामुळे तो वाद संपला. दुसरा मात्र आजपासून सुरू झाला आहे: मैदान उघडले तरी तिथे जायचे कोणी?

३१ जुलै, शुक्रवार

ठाण्याहून सिडकोच्या खारघर व्हॅली गोल्फ कोर्सला जायचे तर कळवा, विटावा, दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, तुर्भे, बेलापूर अशी वाट आहे. तीसेक किलोमीटर पडतात. एवढ्या वाटेत तीन महापालिका लागतात: ठाणे, नवी मुंबई आणि पनवेल. जिल्हे दोन, ठाणे आणि रायगड. पोलीस आयुक्तालयेही दोन. प्रत्येक पालिकेचे प्रतिबंधित क्षेत्र वेगळे, आणि पालिका राज्याच्या आदेशापेक्षा कडक नियम लावू शकते. याच महिन्यात ठाण्यात, नवी मुंबईत आणि पनवेलमध्ये आपापले लॉकडाउन लागलेच होते. म्हणून मंत्रालयाचा एक कागद वाचून निघणे पुरेसे नाही. आपल्या पालिकेचा, वाटेतल्या पालिकेचा आणि मैदान ज्या हद्दीत आहे त्या पालिकेचा, असे तीन ताजे आदेश पाहावे लागतात.

बेलापूरकरांची गोष्ट वेगळी. बेलापूरहून खारघर पाच-सहा किलोमीटर, पण मध्ये जिल्ह्याची हद्द आहे. दिघ्याहून बेलापूर वीसेक किलोमीटर, आणि तरी सगळे एकाच पालिकेत. हद्द आणि अंतर यांचा मेळ इथे बसतच नाही.

ई-पासबद्दल बरेच गैरसमज आहेत. मुंबई महानगर प्रदेशातल्या महापालिकांच्या हद्दीत एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जायला जूनच्या सुरुवातीपासून पास लागत नाही. पनवेल महापालिका त्यातच येते. पुण्यातल्या मैदानावर जायचे तर लागतो, आणि अर्जात कारण लिहावे लागते. खेळासाठी पास मागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ती रांग आजाऱ्यांची आणि अडकून पडलेल्यांची आहे.

पण पास लागत नाही म्हणजे जायला मोकळीक आहे, असेही नाही. जूनअखेरच्या आदेशात लिहिले आहे की अत्यावश्यक नसलेली खरेदी आणि बाहेरचा व्यायाम आपल्या परिसरातच, वाजवी मर्यादेत करावा. कामावर जाणे आणि वैद्यकीय कारण यांना ती मर्यादा नाही. ‘परिसर’ किती किलोमीटरचा, ते कुठेही लिहिलेले नाही. मुंबई पोलिसांनी २ किलोमीटर ठरवून पाहिले, गाड्या जप्त केल्या आणि काही दिवसांत तो आकडा मागे घेतला.

आता गोल्फवाल्यांत दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, गोल्फ हा वेगळ्या कलमात परवानगी दिलेला खेळ आहे, ‘बाहेरचा व्यायाम’ नव्हे, म्हणून परिसराची अट त्याला लागू नाही. दुसरा म्हणतो, अत्यावश्यक नाही म्हणजे नाही, कलम कुठलेही असो. अक्षराने पाहिले तर पहिल्या तटाचे म्हणणे टिकेलही. पण ऐरोलीच्या नाकाबंदीवरचा हवालदार आदेशाचा कीस पाडत बसणार नाही. तो डिकीतली बॅग पाहील आणि विचारेल, कुठे निघालात? त्या माणसाला पाऊस अंगावर घेत गोल्फच्या कलमांवर वाद घालायला लावणे योग्य नाही.

मी ठाण्यात राहतो आणि माझे मत ठाणेकरांच्या विरोधात जाते: आपण थांबावे. खारघर, बेलापूर, नेरूळ, पनवेलच्या लोकांनी आधी खेळावे.

३ ऑगस्ट, सोमवार

बाहेरच्या देशांत काय केले ते पाहण्यासारखे आहे. आयर्लंडने १८ मेला मैदाने उघडली तेव्हा घरापासून ५ किलोमीटरच्या आतल्यांनाच मुभा होती, ८ जूनपासून ती आपल्या काउंटीत (जिल्ह्यात) कुठेही आणि काउंटीबाहेर २० किलोमीटरपर्यंत झाली. स्कॉटलंडने २९ मेला उघडताना साधारण ५ मैलांचे मार्गदर्शन दिले. मेलबर्नमध्ये काल संध्याकाळपासून ५ किलोमीटरची मर्यादा आणि रात्रीची संचारबंदी लागली, गोल्फ पुन्हा बंद झाला. आकडा दिला की भांडण मिटते. आपल्याकडे तो नाही, म्हणून विवेकाने ठरवावे लागते.

अंतरापेक्षा मला मोटारीची काळजी जास्त वाटते. नव्या आदेशात चारचाकीत चालक अधिक तीन जणांना परवानगी आहे. म्हणजे चार घरांतले चार जण काचा बंद करून, एसी लावून पाऊण तास जवळजवळ बसणार, आणि मैदानावर उतरल्यावर सहा फुटांचे अंतर राखणार. उघड्या वाऱ्यात दोनशे यार्डांवर उभा असलेला माणूस धोक्याचा नाही, शेजारच्या सीटवरचा आहे. एका मोटारीत एकाच घरातले, नाहीतर एकटा. हे जमत नसेल तर जाऊ नये.

दुसरी गोष्ट वयाची. केंद्राची सूचना अशी आहे की ६५ वर्षांवरच्यांनी आणि मधुमेह, हृदयविकार असणाऱ्यांनी गरजेशिवाय घरीच राहावे. सकाळच्या गोल्फमध्ये निवृत्त मंडळीच जास्त असतात. ‘सगळ्यांत सुरक्षित खेळ’ म्हणताना तो खेळणारे कोण, हे विसरून चालत नाही.

मग टी-टाइमचा हिशेब. नेहमीच्या दिवशी चौघांचे गट ८ मिनिटांच्या अंतराने सुटतात, म्हणजे तासाला तीस खेळाडू. दोघांचे गट १२ मिनिटांनी सोडले तर तासाला दहा. ऑगस्टच्या सुरुवातीला इथे सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो. साडेसहा ते साडेदहा धरले तर एकशेवीसांऐवजी चाळीस जणांना जागा मिळते. जागा अशी तिपटीने कमी झाल्यावर दुरून येणाऱ्याला ती देण्यात अर्थ नाही. शिवाय नऊ होलच खेळवावेत. दोघांचा गट दोन तासांत मोकळा होतो, आणि गर्दी होते ती पहिल्या टीवर (खेळ सुरू होतो त्या जागी) व पार्किंगमध्ये, तिथे कोणी ताटकळत नाही.

होलचे काय करायचे, यावर सगळ्यांत जास्त चुका होतात. उद्देश हा की कोणी हात घालू नये आणि झेंडा उपसू नये. झेंडा आत ठेवून पटिंग करायला, म्हणजे चेंडू हळूच होलमध्ये ढकलायला, २०१९ पासून नियमांतच मुभा आहे, दंड नाही. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, खोली किमान १०१.६. चेंडू ४२.७ मिलिमीटरचा. काही ठिकाणी होलच्या आत बसवलेला कप इंचभर वर काढून ठेवतात आणि चेंडू त्याला लागला की ‘पडला’ असे मानतात. त्यात जोरात मारलेला, एरवी पार निघून गेला असता असा चेंडूही पडला म्हणून मोजला जातो. फोमची नळी झेंड्याच्या काठीभोवती बसवणे बरे. साडेसात सेंटिमीटरचा तुकडा कापावा, म्हणजे वर अडीच सेंटिमीटर खोली उरते. चेंडू आत बसतो, पण वरचा साधारण एक तृतीयांश भाग बाहेर राहतो आणि दोन बोटांनी, कडेला हात न लावता उचलता येतो. फोम काठोकाठ भरला तर चेंडू वरून घसरून जातो. पावसाळ्यात साधा स्पंजसारखा फोम घेतला तर तो पाणी पितो, फुगतो आणि वर येतो. पाणी न शोषणारा, बंद छिद्रांचा फोम लागतो.

बंकरमधले, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांतले, रेक (वाळू सारखी करायची दाताळी) काढून ठेवावेत. पायाने वाळू सारखी करायची, आणि दुसऱ्याच्या बुटाच्या खड्ड्यात चेंडू गेला तर बंकरमध्येच थोडा हलवून ठेवू द्यायचा, असा स्थानिक नियम आधीच लावावा. स्कोअरकार्ड बदलायचे नाही, तोंडी सांगायचे. ग्रिपवर सॅनिटायझर चोळू नये, सौम्य साबणाचे पाणी आणि कोरडे फडके पुरते. मास्क तीन न्यावेत. या दमट हवेत नऊ होलमध्ये पहिला चिंब होतो आणि ओला मास्क निरुपयोगी.

ग्रीनकडून, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीकडून, मात्र फार अपेक्षा ठेवू नये. पावसात गवत झपाट्याने वाढते आणि कमी माणसांत कापणी मागे पडते. बारा मिलिमीटर वाढलेले गवत एकदम चारवर आणले तर पाते जाऊन देठ उघडे पडतात आणि ग्रीन पिवळे पडते. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचे नाही: बारावरून आठ, आठवरून साडेपाच, मग चार, मध्ये दोन-तीन दिवसांची उसंत. तोवर चेंडू हळू पळेल.

६ ऑगस्ट, गुरुवार

काल परवानगीचा पहिला दिवस, आणि कालच वादळ. कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमच्या छताचे नुकसान झाले, जेएनपीटी बंदरात क्रेन कोसळल्या. अशा पावसानंतर बंकरची वाळू उतारावरून वाहून जाते आणि झाडांवर तुटलेल्या फांद्या लटकत राहतात. त्या उतरवल्याशिवाय एकालाही आत सोडू नये.

९ ऑगस्ट, रविवार

इतके दिवस किलोमीटरांवर एवढी चर्चा झाली, पण कॅडींविषयी फार थोडे बोलले गेले. कॅडीला पगार नसतो, राउंड, म्हणजे खेळाची एक फेरी, मिळाला तर पैसे. मार्चअखेरपासून राउंड नाही. आता मैदान उघडले तरी ‘संपर्क नको’ म्हणून खेळाडू स्वतः बॅग ओढणार, आणि खेळाडूही एक तृतीयांश. म्हणजे खेळ सुरू होऊनही त्यांचे उत्पन्न सुरू होत नाही.

कॅडी वगळण्याची गरजच नाही. त्याने बॅग उचलावी किंवा ट्रॉली ओढावी, काठ्या खेळाडूनेच काढाव्यात आणि ठेवाव्यात, चेंडू खेळाडूनेच पुसावा. कॅडीने पुढे राहून चेंडू कुठे पडला ते पाहावे, पावसाळ्यातल्या उंच गवतात तेच खरे काम असते. दोघांच्या गटाला एक कॅडी चालेल, पण एकाच दिवशी त्याने दोन गटांबरोबर फिरू नये, आणि म्हणून त्याला दोन राउंडांचे पैसे द्यावेत. मास्क आणि साबण मैदानाकडून.

जे आम्ही ठाण्याहून जाणार नाही त्यांचाही यात वाटा आहे. पेट्रोल, टोल, ग्रीन फी, कॅडीचे पैसे, हे सगळे वाचते आहे. निदान कॅडीचा भाग तरी दर आठवड्याला पाठवावा. एकाच ओळखीच्या कॅडीला पाठवला तर बाकीचे राहतात, म्हणून कॅडीमास्टरकडून पूर्ण यादी घ्यावी आणि सारखी वाटणी करावी. ज्यांच्या फोनवर यूपीआय नाही त्यांचे पैसे रोख, पाकिटावर नाव लिहून, खारघरच्याच एखाद्या खेळाडूच्या हाती द्यावेत. नवी मुले मार्चमध्ये नुकतीच लागली होती, त्यांची नावे जुन्या यादीत नसतात. ती वेगळी विचारून घ्यावी लागतील.