खालचा माल ओला निघाला तर?

धरणगावकडच्या एका जिनिंगचं कापूस-खरेदीचं जुनं सॉफ्टवेअर आमच्याकडे आलं, सोबत त्याचं यूएमएल मॉडेलही, म्हणजे सॉफ्टवेअर कसं चालतं हे ठरावीक खुणांनी दाखवणारी चित्रं. मी खूश. सगळे फेरफार चढलेला सातबारा हातात पडावा, तसं वाटलं.

यूएमएल १९९७ मध्ये ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक झालं आणि २००१ मध्ये त्याच ओएमजीनं एमडीए ही पद्धत मांडली: मॉडेल हेच मुख्य, कोड त्यातून आपोआप. हे काम त्याच उत्साहातलं. गाडीच्या अवस्थांचं चित्र अगदी सरळ होतं. आवक, भाव ठरला, भरल्या गाडीचं वजन, माल खाली, रिकाम्या गाडीचं वजन, पेमेंट. मला त्यात सीसीआयचा, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाचा, ओलाव्याचा नियम घालायचा होता: ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ पर्यंत कपात, त्यापुढे नकार.

प्रिंट काढून मुनीमजींना दाखवली. 'माल खाली'च्या चौकोनावर बोट ठेवून ते म्हणाले, "आन् खालतून ओला निंघना ते?"

वर कोरडा, तळाशी भिजलेला, असा कापूस इथे नेहमीचा. मग भावाची घासाघीस परत सुरू. चित्रात मात्र मागे जाणारा बाणच नव्हता.

"मग आजवर कसं भागलं?"

"भागतंच की भाऊ, कॉम्प्युटर घेतो भाव बदलून."

कोड चाळला. कुणीतरी हातानं अट घातली होती, तीही मॉडेलवरून कोड काढणाऱ्या टूलनं हाताच्या कोडसाठी राखलेल्या जागेबाहेर. तिथलं काही टूल पुन्हा कोड काढताना जपत नाही. मॉडेलवरून कोड वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ताडून पाहिला, तर अट गायब. थेट जुन्यावर काढला असता, तर ऐन हंगामात पहिल्या ओल्या गाडीलाच काटा अडला असता.

अट घालणाऱ्याला मी दोष देत नाही. फाटकाबाहेर गाड्यांची रांग असताना चित्र उघडून बाण कोण काढत बसेल? पण नुसता कोड समोर असता, तर मुनीमजींनी तो प्रश्न विचारलाच नसता, हेही खरं.

शेवटी अवस्था आणि बाण एका तक्त्यात मांडले. प्रोग्राम तोच तक्ता वाचून चालतो, चित्रही त्यातूनच निघतं. वजनाचे, कपातीचे हिशेब साध्या कोडमध्येच ठेवले. त्यांची चित्रं काढण्यात मला अर्थ दिसत नाही.

नवी प्रिंट पाहून मुनीमजींनी आणखी एक बाण मागितलाय: भाव पटला नाही म्हणून अर्धी गाडी परत नेणाऱ्याचा. तो ना चित्रात होता, ना कोडमध्ये.