उकड्याची पेज

गेल्या महिन्यात सलग तीन दिवस पोट धरून बसलो, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर म्हणाले, "दोन दिवस हलकं खा." लोअर परळला आमच्या ऑफिसात हलकं म्हणजे काचेच्या वाडग्यातला पाला, किंमत साडेतीनशे. संध्याकाळी गावी आईला फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता बरी पेजेची आठवण इली!"

मी तर पेजेचं नावही काढलं नव्हतं.

लालबागच्या चाळीत लहानपणी मला पेजेची लाज वाटायची. शेजारच्यांकडे ब्रेड-बटर, आमच्याकडे पितळीत वाफाळणारी उकड्या तांदळाची पेज. शाळेत कुणी विचारलं, तर "पोहे खाऊन आलो" म्हणून ठोकून द्यायचो. बाबा मात्र गिरणीत पहिल्या पाळीला निघण्याआधी दोन पितळ्या रिचवायचे, वर लोणच्याची फोड. 1982च्या संपात पाळी गेली. पेज मात्र तशीच चालू राहिली, कारण गावाहून तांदूळ यायचाच.

त्या जाड, लालसर तांदळात काय आहे हे मला फार उशिरा कळलं. उकडा करताना भात सालासकट भिजवतात, उकडतात, वाळवतात आणि मगच कांडतात. उकडताना कोंड्यातलं ब-1 जीवनसत्त्व पाण्याबरोबर दाण्यात शिरतं. पुढे कोंडा गेला तरी त्यातलं बरंचसं आत राहतं. जावा बेटावर आइकमन नावाच्या डच डॉक्टरांच्या कोंबड्या पांढऱ्याशुभ्र पॉलिश केलेल्या तांदळावर लुळ्या पडल्या आणि कोंड्यासकट तांदूळ मिळाल्यावर पुन्हा चालू लागल्या. उणीव याच ब-1ची होती. त्या शोधाच्या वाटेवर आइकमनना 1929 सालचं नोबेल मिळालं. कोंबड्या माझ्या आजीकडेही होत्या. तिला कुणी काही दिलं नाही.

असो. लालबागच्याच एका कोकणी दुकानातून किलोभर उकडा आणला. मूठभर तांदूळ, आठपट पाणी. कुकर नाही, ही आईची अट. पातेल्यावर झाकण तिरकं ठेवून मी पाऊण तास ओट्याशी उभा. आधी पाणी नुसतं गढूळ दिसतं. मग कधीतरी, आपलं लक्ष नसताना, डाव जड लागायला लागतो. दाणा फुगतो, टोकाशी जरा चिरतो, पण मोडत नाही. साध्या तांदळाचा एव्हाना लगदा झाला असता. शेवटी मीठ. लोणचं आईने फोनवरच नाकारलं होतं.

मिठाचं महत्त्व नंतर लक्षात आलं. पेजेतला स्टार्च आतड्यात हळूहळू ग्लुकोज होतो, ग्लुकोज जाताना सोडियमला सोबत नेतो आणि त्यांच्यामागे पाणी जातं. पटकीच्या रुग्णांसाठी तांदळाच्या पिठाची जलसंजीवनी करतात, ती याच हिशेबावर. डॉक्टरांनी दिलेली जलसंजीवनीची पाकिटं घरात होतीच, तीही घेतली. पण चवीत पेज सरस, एवढं मत मांडायचा मला हक्क आहे.

दुसऱ्या दिवशी पोट निवळलं. रात्रीची उरलेली पेज फ्रिजमध्ये होती, मुंबईच्या उकाड्यात शिजलेला भात बाहेर ठेवायची माझी हिंमत नाही. ती गरम करून थर्मासातून ऑफिसला नेली. शेजारच्या मुलीने झाकणातून येणारी वाफ पाहून विचारलं, "सूप?"

"पेज," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच.

रात्री व्हिडिओ कॉलवर आईला वाटी दाखवायला गेलो. तिचं लक्ष माझ्यामागच्या सिंककडे. "ता पातेला आधी भिजत घाल. मगे घासतलो कोण?"