जपानी गायिकेचा इंग्रजी अल्बम: स्वर ठोक्यावर कसा आणायचा

जपानी गायिका इंग्रजीत गायला लागली की सगळ्यांचे कान र आणि ल वर लागतात. 'लाइट'चं 'राइट' झालं का, 'ग्लास'चं 'ग्रास' झालं का. ही चूक खरी आहे, पण माझ्या मते ती दुसऱ्या नंबरची. अख्खी ओळ परकी वाटते ती मध्ये घुसलेल्या इ, उ, ओ अशा जादा स्वरांमुळे. हे स्वर उच्चार बिघडवतात आणि लयही मागे खेचतात.

आपल्याला मात्रावृत्त माहीत आहे, त्यामुळे हे पटकन कळेल. जपानी भाषा मात्रा मोजत चालते. हायकूचे ५-७-५ म्हणजे मात्राच. क, सु, तो यांची प्रत्येकी एक मात्रा, स्वर दीर्घ झाला तर आणखी एक, आणि शब्दाच्या शेवटच्या 'न्'लाही स्वतःची एक. हा 'न्' आणि द्वित्त सोडलं, तर व्यंजनाला स्वराशिवाय उभंच राहता येत नाही. म्हणून इंग्रजीत एका झटक्यात संपणारा 'स्ट्राइक' जपानीत सु-तो-रा-इ-कु असा पाच मात्रांचा होतो. दोन अक्षरांचा 'ख्रिसमस'सुद्धा कु-रि-सु-मा-सु, पाचच.

आता हे गाण्यात बसवून पाहा. टेम्पो १२०, म्हणजे मिनिटाला १२० बीट, असेल तर एक बीट ५०० मिलिसेकंदांचा आणि त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे एक सोळांश, १२५ मिलिसेकंदांचा. इंग्रजीत वाढलेला गायक 'स्ट्रीट' म्हणताना 'स्ट्र' बीटच्या आधी उरकतो आणि 'ई' नेमका बीटवर टेकवतो. जपानी सवयीने 'सु' बीटवर सुरू झाला, तर 'ई'ची पाळी यायला उशीर होतो. 'सु' आणि 'तो' पूर्ण सोळांश घेत नाहीत, पण ५०-६० मिलिसेकंदांचा उशीरही ड्रमसमोर रेंगाळल्यासारखा ऐकू येतो. इथे एडिटिंग करणारा हमखास फसतो. स्क्रीनवर आवाजाची सुरुवात बीटच्या रेषेला अगदी चिकटलेली दिसते, म्हणून तो ती बरोबर समजून पुढे जातो. रेषेवर स्वराची सुरुवात यायला हवी. व्यंजन तिच्या डावीकडेच राहणार.

यावरचा सगळ्यात चांगला उपाय जपानीतच दडलेला आहे. टोकियोच्या बोलीत दोन कठोर व्यंजनांच्या मधला, किंवा कठोर व्यंजनानंतर शब्दाच्या शेवटी आलेला, इ किंवा उ जवळजवळ गिळला जातो. 'सुकि' ऐकू येतं 'स्की', 'देसु' ऐकू येतं 'देस्', 'शिता' ऐकू येतं 'श्ता'. म्हणजे 'स्क' हे जोडाक्षर गायिकेच्या तोंडात आधीपासूनच आहे. 'स्काय' शिकवताना तिला 'सुकि' नेहमीसारखं बोलायला सांगा आणि 'कि'च्या जागी 'काय' ठेवायला लावा. पाच मिनिटांत जमतं. 'ब्लू', 'ग्रीन', 'ड्रीम' यांना ही युक्ती लागू पडत नाही, कारण पहिलं व्यंजन मृदू आहे. 'ब्लू'साठी ओठ मिटलेले असतानाच जीभ 'ल'च्या जागी नेऊन ठेवायची आणि मग ओठ उघडायचे. मध्ये 'उ'ला शिरायला फटच राहत नाही.

शेवटच्या 'न्'कडे फार कमी लोक लक्ष देतात. जपानीत तो घशाकडे मागे बनतो, म्हणून लांबवलेल्या सुरावर 'रेन'चा शेवट 'रेङ्'सारखा होतो. 'होन्तो' म्हणताना 'न्'वर जीभ पुढे दातांमागे टेकते. तिथेच थांबायचं, 'तो' म्हणायचाच नाही. आणि 'न्'पुढे स्वर आला तर इंग्रजीत दोन्ही जुळतात, जपानीत सुटे राहतात. 'ऑन अ' हे 'ऑ-न' असं वाहिलं पाहिजे.

र-ल बद्दल स्टुडिओच्या कामाची गोष्ट एवढीच: जपानी र म्हणजे जिभेचा एक झटपट स्पर्श. इंग्रजी ल मध्ये जीभ टेकते आणि टेकूनच राहते, र मध्ये टोक कुठेच टेकत नाही. दुसऱ्या टेकमधून, म्हणजे त्याच गाण्याच्या दुसऱ्या रेकॉर्डिंगमधून, शेवटचा 'ट' किंवा 'स' कापून चिकटवता येतो, र मात्र नाही. इंग्रजी र मध्ये तिसरा फॉर्मंट (तोंडाच्या आकारामुळे आवाजात ठळक होणारा कंपनांचा पट्टा) साधारण २००० हर्ट्झच्या खाली उतरतो, आणि ही उतरंड शेजारच्या स्वरात पसरलेली असते. नुसता र बदलला की सांधा ऐकू येतो. अख्खा शब्दच दुसऱ्या टेकमधून घ्यावा.

पण हे सगळं बूथमध्ये सोडवत बसण्यापेक्षा गीत लिहितानाच सोडवावं. उच्चार शिकवणारा कोच रेकॉर्डिंगच्या दिवशी बोलावला, तर फार उशीर झालेला असतो. 'वर्ल्ड' आणि 'गर्ल' हे जपानी जिभेला सगळ्यात अवघड शब्द. ते लांब सुरावर आले, तर शब्दच बदला आणि तिथे 'डे', 'गो', 'फ्री' असे स्वरात संपणारे शब्द बसवा. चाल मुळात जपानी शब्दांसाठी बांधलेली असेल तर आणखी एक पेच येतो. 'मी' म्हणायला 'वाताशि' तीन सूर खातं, इंग्रजीला एकच पुरतो. प्रत्येक सुरावर अक्षर हवंच असा हट्ट धरला की ओळीत भरताड शब्द शिरतात. लागोपाठ येणारे सारखे सूर जोडून एक करा, ओळ लगेच मोकळी होते. मात्र जुन्या गाण्याचे शब्द बदलायचे असतील तर परवानगी आधी घ्या. जपानच्या कॉपीराइट कायद्यात रूपांतराचा हक्क कलम २७ मध्ये आणि कृती अबाधित राखण्याचा लेखकाचा हक्क कलम २० मध्ये आहे. जासराक ही जपानमधली संगीताचे हक्क सांभाळणारी संस्था रूपांतराचा हक्क सांभाळत नाही, त्यासाठी प्रकाशक आणि गीतकार यांच्याकडेच जावं लागतं.

जुनी उदाहरणं ऐकण्यासारखी आहेत. पिंक लेडी ही मिए आणि केई यांची जोडी. १९७९ मध्ये त्यांचं 'किस इन द डार्क' हे इंग्रजी गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० या यादीत ३७ व्या क्रमांकापर्यंत पोहोचलं. १९८० च्या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात मात्र त्यांना इंग्रजी संवाद नुसत्या ध्वनींवरून पाठ करावे लागले. गाण्यात चाल आणि ठेका आधार देतात, बोलण्यात तो आधार नसतो. सेइको मात्सुदा यांनी १९८५ चा 'साउंड ऑफ माय हार्ट' हा इंग्रजी अल्बम फिल रमोन यांच्यासारख्या निर्मात्याबरोबर केला. उतादा हिकारू यांचा जन्म १९८३ चा, न्यूयॉर्कचा. त्यामुळे २००४ च्या 'एक्झोडस'मध्ये उच्चाराचा प्रश्नच नव्हता, तरीही हा अल्बम अमेरिकेत मोठा खपला नाही. निर्दोष उच्चारांनी दार उघडतंच असं नाही, हे कंपन्यांनी आधीच समजून घ्यावं.

प्रत्यक्ष रेकॉर्डिंगसाठी गीताचा कागद कताकानात, म्हणजे परदेशी शब्दांसाठीच्या जपानी लिपीत, लिहू नका. त्या लिपीत प्रत्येक व्यंजनाला स्वर चिकटूनच येतो. रोमन लिपीत लिहा, जोराच्या अक्षरांवर रेघ मारा, 'द', 'ऑफ', 'टू' बारीक अक्षरांत काढा, जुळणाऱ्या शब्दांमध्ये कंस ओढा. बारीक शब्द पूर्ण वजनाने गायले की सगळी ओळ सपाट होते. गाइड म्हणून दोन ट्रॅक द्या: एक गायलेला आणि एक तालात नुसता बोललेला. बोललेला जास्त उपयोगी पडतो, कारण चाल बाजूला ठेवून जोर कुठे आहे ते ऐकू येतं.

आधी कोचने एक शब्दही न बोलता चार-पाच सलग टेक घ्या. दर ओळीला थांबवलं तर गायिका शब्द वाचू लागते आणि भाव निघून जातो. मग ओळींचा तक्ता करा: आडवे टेक, उभ्या ओळी, प्रत्येक घरात सुरासाठी एक खूण आणि उच्चारासाठी दुसरी. दोन्ही खुणा कुठल्याच टेकमध्ये न मिळालेल्या ओळीच पुन्हा गाऊन घ्या. त्याच दिवशी, त्याच मायक्रोफोनवर, तितक्याच अंतरावरून; नाहीतर जोड उघडा पडतो.

डबल (तीच ओळ पुन्हा गाऊन मुख्य आवाजाला जोडलेली) आणि हार्मनी गाताना शेवटचे 'स' आणि 'ट' मुख्य आवाजालाच ठेवा, बाकीच्यांत गाळा. चार आवाजांचे चार 'ट' कधीच एकत्र पडत नाहीत.

मिक्सआधी गाणं अशा इंग्रजी भाषकाला ऐकवा ज्याने गीत पाहिलेलं नाही, आणि ऐकू येईल ते लिहायला सांगा. स्टुडिओतल्या कुणाचेही कान यासाठी चालत नाहीत, कारण शब्द सगळ्यांना पाठ झालेले असतात. त्याने रिकामी सोडलेली जागा पुन्हा गायची. चुकीचा पण अर्थपूर्ण शब्द लिहिला असेल, तर आधी गीतकाराला बोलवा. तिथे बहुतेक वेळा शब्दाची निवडच चुकलेली असते.