डिकी उघडली की चित्र यायचं

मागच्या रविवारी आमच्या गाडीचा रिव्हर्स कॅमेरा एकदाचा नीट झाला. दोन महिने जो डोक्याला ताप झाला तो सगळा इथं लिहून ठेवतोय, कारण मला खात्री आहे की बऱ्याच जणांचे कॅमेरे याच कारणानं बंद पडत असणार आणि लोक चांगला कॅमेरा काढून नवा बसवत असणार. मी पण तेच केलं.

आधी आमची गल्ली सांगतो. साताऱ्यात मंगळवार पेठेत चढावर घर, गल्ली एवढी अरुंद की गाडी वळतच नाही, रोज सकाळी उतारावर रिव्हर्स घेत खाली रस्त्याला यायचं. आणि गल्लीत शेजारची चार बारकी पोरं. त्यातली एक दीड वर्षाची, भिंतीला धरून धरून चालते, ती मागच्या काचेतनं दिसत नाही आणि आरशातनं पण नाही. अमेरिकेत २००२ साली कॅमेरन गुलब्रान्सन नावाचं २ वर्षांचं पोरगं वडलांच्याच गाडीखाली आलं, वडील स्वतः लहान मुलांचे डॉक्टर, पुढं त्याच्याच नावानं कायदा झाला आणि मे २०१८ पासून तिकडं नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. आपल्याकडं १ जुलै २०१९ पासून मागचे सेन्सर सक्तीचे आहेत, कॅमेरा नाही. आमची गाडी तर २०१७ ची, तिला दोन्ही नव्हतं. कॅमेरा मी नंतर बाहेरनं बसवून घेतला तो त्या पोरांसाठीच, म्हणून तो बंद पडला की माझा जीव खालीवर व्हायचा आणि रोज बायकोला मागं उभं करून गाडी काढायला लागायची.

तर झालं असं, जूनमध्ये पहिला पाऊस लागला आणि रिव्हर्स टाकला की स्क्रीन निळी, वर सिग्नल नसल्याची पाटी. कधी यायचं चित्र, कधी नाही. एका दुकानात नेली, त्यानं गाडीच्या मागं जाऊन बघितलं न बघितलं आणि सांगितलं की कॅमेऱ्यात पाणी गेलंय, नवा टाका. २,२०० रुपये गेले. आठ दिवस झकास चालला आणि नवव्या दिवशी परत तीच निळी स्क्रीन, परत गेलो तर म्हणाला आता स्क्रीनच बदलायला लागेल. मी तिथनं तसाच निघालो.

खरा सुगावा लागला तो गावाकडं. कोरेगाव तालुक्यात आमचं गाव, ज्वारीचं पोतं डिकीत टाकत होतो, गाडी उताराला तोंड करून लावलेली म्हणून रिव्हर्स गियर टाकून ठेवलेला आणि पोरीचा मोबाइल चार्जिंगला म्हणून चावी ऑन. बायको आत बसलेली, ती ओरडली, "अहो, कॅमेरा चालू झाला, कडुलिंब दिसतोय बघा!" डिकी वर गेली की कॅमेऱ्याचं तोंड आभाळाकडं होतं ना, त्यामुळं झाडाचा शेंडा दिसत होता. मी डिकी लावली. "गेलं." उघडली. "आलं." पाच-सहा वेळा केलं, दर वेळी तसंच. म्हणजे कॅमेराही चांगला आणि स्क्रीनही चांगली, वायर कुठंतरी दुमडतीय.

रविवारी चाकाला दगड लावून बसलो. या कॅमेऱ्याचं काम सोपं असतं. मागच्या पांढऱ्या रिव्हर्स दिव्यावरनं कॅमेऱ्याला १२ व्होल्ट घेतलेले असतात, चित्र पिवळ्या पिनच्या केबलनं पुढं स्क्रीनला जातं, आणि त्याच केबलबरोबर एक बारीक लाल वायर असते, ती स्क्रीनला कळवते की रिव्हर्स पडला. पाटी येत होती म्हणजे लाल वायर ठीक. दिवा लागत होता म्हणजे फ्यूज आणि गिअरबॉक्सवरचा स्विच ठीक. मग कॅमेऱ्याचा कनेक्टर सोडवून मल्टिमीटर लावला तर १२.२ व्होल्ट! अर्धा दिवस इथंच गेला. करंट येतोय मग चालत का नाही?

चुलतभावाला फोन केला, तो गावात मोटार रिवायंडिंगचं काम करतो. तो लगेच म्हणाला, "दादा, नुसत्या मीटरवर जाऊ नका, बल्ब लावा." इंडिकेटरचा ५ वॅटचा बल्ब त्याच दोन टोकांना लावला तर पेटलाच नाही आणि बल्ब लावलेला असताना मीटर जेमतेम दीड व्होल्ट दाखवायला लागला. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळं सडलेल्या वायरीतनं पण त्याला पूर्ण व्होल्ट दिसतात. भार पडला की खरं कळतं. ही गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर ते २,२०० वाचले असते.

डिकीच्या बिजागरीजवळ तो घड्याघड्यांचा रबरी पाइप असतो बघा, बॉडीतनं डिकीत जाणारा, तो ओढून काढला. आत वायर बाहेरनं अगदी साबूत दिसत होती, पण बोटांनी चेपत गेल्यावर एका जागी पोकळ लागली. तिथं ब्लेडनं सोललं तर तांबं तुटलेलं, टोकं हिरवी पडलेली आणि हात लावला तर पूड होत होती. डिकी उघडली की ती टोकं एकमेकांना टेकायची, लावली की सुटायची. दुकानात नवा कॅमेरा बसवताना वायर हलली असणार म्हणून आठ दिवस निघाले.

जोड तिथल्या तिथं दिला नाही. सोल्डरचा डाग मारलेली जागा कडक होते आणि रोजच्या दुमडण्यानं तिथंच परत तुटते, म्हणून पाइपातला सगळाच तुकडा बदलला, मऊ बारीक तारांची वायर टॅल्कम पावडर लावून ओवली, थोडी सैल ठेवली, आणि दोन्ही जोड पाइपाच्या बाहेर घेतले, एक बॉडीत एक डिकीत, वर स्लीव्ह. निगेटिव्हचा स्क्रू पण गंजला होता, तो घासून घट्ट केला. शेवटी रबर खाचेत नीट बसवला, कारण पाणी तिथनंच आत जात होतं. खर्च म्हणाल तर ७० रुपये.

दुकानदारानं काढलेला जुना कॅमेरा सुदैवानं मी मागून घेतला होता. बॅटरीवर लावून बघितला, चित्र स्वच्छ. तो आता चुलतभावाच्या पिकअपला बसवलाय, त्याच्याही दारात दोन बारकी पोरं असतात.