४० मीटरचा फिरता लूप, इंदूर: तिसरी नोंद

हा लूप म्हणजे हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झ) ऐकण्यासाठीचा, हाताने वळवायचा नळीच्या कड्याचा अँटेना. तो हातात आला की आपण आधी तो स्टेशनकडे वळवतो. तसं करू नका. छोट्या लूपची कमाल दिशा इतकी पसरट असते की ३० अंश चुकलं तरी सिग्नल जेमतेम सव्वा डेसिबल उतरतो. नल, म्हणजे ज्या दिशेने लूपला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही ती दिशा, मात्र सुईसारखा टोकदार. म्हणून लूपची सपाट बाजू गोंगाटाकडे करायची. तिकडून येणाऱ्या लहरीचं चुंबकीय क्षेत्र लूपच्या आरपार जात नाही, त्याच्या पातळीतच राहतं, आणि व्होल्टेज तयार होत नाही.

इंदूरहून हे फार सोयीचं पडतं. वडोदरा सरळ रेषेत सुमारे २८० किमी, पुणं ५०० च्या आसपास. आयनोस्फियरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) होणारं परावर्तन ३०० किमी उंचीवरून धरलं, तर वडोदऱ्याचा सिग्नल जमिनीशी सुमारे ६५ अंशांच्या कोनात वरून येतो, पुण्याचा ५० अंशांच्या. शिवाय वरून येताना त्याचं ध्रुवीकरण (लहरीच्या कंपनाची दिशा) बदलत राहतं, त्यामुळे नल त्याला पुरता गिळत नाही. शेजारचा एलईडी ड्रायव्हर, सोलर इन्व्हर्टर किंवा खांबावरचा तडकलेला इन्सुलेटर यांचा गोंगाट मात्र जवळजवळ आडवा येतो, आणि नलात सापडतो.

लूप: एसीवाल्यांकडची ३/८ इंची मऊ तांब्याची नळी, ३.१५ मीटर, व्यास १ मीटर. इंडक्टन्स सुमारे ३ मायक्रोहेन्री. जुळवणीच्या कपॅसिटरचे ७.० मेगाहर्ट्झला १७४ पिकोफॅरड लागतात, ७.२ ला १६४. अख्खा बँड १० पिकोफॅरडमध्ये! थेट नॉब लावला तर स्टेशन हाती लागत नाही, रिडक्शन ड्राइव्ह (नॉब बराच फिरवला तरी कपॅसिटर थोडाच फिरवणारी जोडणी) हवाच.

त्यासाठी गँग, म्हणजे एकाच दांड्यावरचा दोन खणांचा फिरता कपॅसिटर, जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतली, प्रत्येक खण सुमारे ५०० पिकोफॅरडचा. दोन्ही स्टेटर (स्थिर पाती) नळीच्या टोकांना सोल्डर केले, फ्रेम आणि रोटर (फिरती पाती) कशालाच जोडले नाहीत. खण सीरीजमध्ये आल्याने कमाल २५० मिळतात, घासता संपर्क वाटेतून जातो आणि लूप दोन्ही बाजूंनी सारखा राहतो. नल खोल हवा तर ही समतोल मांडणी फार महत्त्वाची. ट्रान्झिस्टरमधली छोटी प्लास्टिक गँग सहसा अपुरी पडते.

रिगकडे सिग्नल नेणारा छोटा कपलिंग लूप २० सेंमी व्यासाचा, कोॲक्स केबलचा, तिच्या बाहेरच्या जाळीला (शिल्डला) माथ्यावर मधोमध फट. तो मोठ्या लूपच्या आत, गँगच्या बरोबर विरुद्ध टोकाला. पुढे-मागे सरकवून एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना किती जुळतात याचं माप) कमीत कमी केला, अँटेना अ‍ॅनालायझरवरच. या लूपवरून ट्रान्समिट करू नका: १०० वॅटला गँगवर हजारो व्होल्ट चढतात आणि पाती ठिणग्या टाकतात. रिगला (रेडिओ संचाला) फक्त ऐकण्यासाठीचं वेगळं आरएक्स अँटेना सॉकेट असेल तर तेच वापरा.

नल उथळ निघाला की पहिला संशय केबलवर घ्या. कपलिंग लूपच्या जागी ५० ओहमचा रेझिस्टर लावून ऐका. गोंगाट तसाच राहिला, तर केबलच अँटेना झालीय. मग चोक लावा: टाइप ४३ किंवा ३१ फेराइट रिंगवर कोॲक्सचे १०-१२ वेढे, लूपच्या अगदी पायथ्याशी. चोकनंतरही नल उथळच असेल तर उंची पाहा: स्लॅबमधल्या सळया आणि टाकीचे लोखंडी पाइप लहर वाकवतात, म्हणून लूपची खालची कड स्लॅबपासून किमान एक मीटर वर. आणि गोंगाटाचे उगम दोन असतील तर एकच मारता येतो, जो जास्त त्रास देतो तो निवडा.

लूपला नल दोन, समोरासमोर, म्हणून एका गच्चीवरून गोंगाटाच्या उगमाची फक्त रेषा कळते. इथल्याच राजेंद्रनगर भागातल्या दुसऱ्या गच्चीवरून दुसरी रेषा घ्यायची, नकाशावर छेद पाहायचा. फोनचा कंपास सळयांपासून हातभर दूर धरा, नाहीतर रेषा भलत्याच खांबावर जाते.