लिनक्सवर वायफाय गायब झालं की आधी हे बघा

परवा लॅपटॉपवर लिनक्स नव्याने टाकलं आणि वायफायच दिसेना, यादीत एकही नेटवर्क नाही. अशा वेळी लोक घाईघाईत सगळी सिस्टीम पुन्हा टाकतात, ते बघून खरंच वाईट वाटतं. आधी टर्मिनलमध्ये आरएफकिल लिस्ट (rfkill list) ही कमांड चालवा, वायफाय कुठे बंद केलंय का ते ती दाखवते. सॉफ्ट ब्लॉक्डपुढे, म्हणजे सॉफ्टवेअरमधून बंद असण्यापुढे, यस दिसलं तर अनब्लॉक केलं की काम झालं, पण हार्ड ब्लॉक्ड असेल तर लॅपटॉपचं बटण किंवा बायोस, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जच बघाव्या लागतात.

माझ्याकडे दोन्हीपुढे नो होतं, म्हणून डीमेसेज (dmesg), म्हणजे सिस्टीमच्या अंतर्गत नोंदी, उघडलं आणि तिथे लाल अक्षरात स्पष्ट लिहिलेलं, फर्मवेअरची (चिपच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची) फाईल लोड झाली नाही, एरर मायनस २, म्हणजे ड्रायव्हर आहे पण चिपला लागणारी फाईलच डिस्कवर नाही. मग मोबाईल यूएसबीने जोडला, टेदरिंग चालू करून मोबाईलचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं, फर्मवेअरचं पॅकेज टाकलं, रीस्टार्ट, आणि नेटवर्क दिसायला लागली! डेबियन या लिनक्सच्या प्रकाराने १२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच दिलंय, फार चांगलं केलं.

आणि कनेक्शन मधेमधे तुटत असेल तर नेटवर्क मॅनेजर या नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये वायफाय पॉवरसेव्ह (wifi.powersave), म्हणजे वायफायची वीजबचत, २ करून बघा, २ म्हणजे बंद.